‘घेतलं’ म्हणेपर्यंत

मी गाव सोडलं त्या दिवशी आईचा तास चालू होता. आमच्याकडे एसटी हायस्कूलच्या फाटकासमोरच थांबते. जुलै महिना, बाबा बॅग धरून माझ्याबरोबर उभे. गाडी वळणावर दिसली तशी आई पदराला हात पुसत वर्गातून बाहेर आली. बोटांना खडू तसाच होता. फाटकाशी उभी राहून ती मला काहीतरी म्हणाली, पण मागे शाळेच्या निळ्या पत्र्यांवर पाऊस एवढा वाजत होता की एक शब्द ऐकू आला नाही. मी मान हलवली. तिनेही हलवली. गाडी सुटली.

मुलुंडला मामाकडे पोचल्यावर फोन करून विचारलं, फाटकाशी काय म्हणालीस. “काही नाही गं, डबा थोडा उघडा ठेव म्हटलं. घावणे घामेजतात.”

तोवर घामेजले होते.

गावात राहिलेल्यांना पुढचं सगळं माहीत आहे. माझ्यासारखे जे इकडे आले, आणि इकडेच जन्मले, त्यांच्यासाठी सांगते. आमच्या हायस्कूलच्या आधी गावात सातवीपर्यंतच शाळा होती. पुढे शिकायचं तर खाडीपलीकडे जायचं, आणि मुलींना कोणी पाठवत नसे. तेव्हा गावातली निम्मी माणसं मुंबईत गिरणीत होती. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्यातलेच. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या त्या माणसांनी मंडळ काढलं आणि मंडळाने हायस्कूल काढलं. पहिले वर्ग देवळाच्या धर्मशाळेत भरले. मग चिऱ्याची इमारत झाली. चिरे गावातल्या लोकांनी डोक्यावरून वाहिले, वर कौलं चढली. आई त्याच शाळेत शिकली आणि नंतर तिथेच मराठी शिकवायला लागली. दर जूनमध्ये आठवीच्या नव्या वर्गाला ती हा इतिहास सांगायची. एकही सन सांगायची नाही. कुठल्या भिंतीचे चिरे कोणाच्या आजीने वाहिले ते मात्र सांगायची, आणि त्या आजीचा नातू वर्गात असला तर तो लाजून खाली बघायचा.

मला त्या शाळेत घातलं नाही. तालुक्याला इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली होती आणि सकाळी तिची जीप यायची, तीही हायस्कूलच्या फाटकासमोरच. टाय, पायमोजे, बूट घालून मी रस्त्याच्या एका बाजूला उभी राहायची. पलीकडून आई फाटकातून आत जायची आणि तिच्यामागून सगळा गाव आत जायचा. बाबांना विचारलं तर ते म्हणत, आईला विचार. आई म्हणायची, “चार लोकांत इंग्रजी बोलताना तू अडखळू नयेस.” मी इंग्रजीत अडखळत नाही. चार लोकांत अडखळते.

आमच्या शाळेला शनिवारी सुट्टी असायची आणि हायस्कूलची सकाळची शाळा. म्हणून शनिवारी आई मला बरोबर न्यायची आणि शेवटच्या बाकावर बसवायची. माझं मराठी त्या बाकावरचं आहे. हजेरीत माझं नाव येत नसे, आणि दर शनिवारी मी ते यायची वाट बघत असे.

एकच दिवस असा होता की मी त्या शाळेची असायची. शाकारणीचा. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, छपरावरची कौलं उतरवून, झाडून, फुटकी बाजूला काढून पुन्हा बसवायची. घरोघरी हे होतंच, पण हायस्कूलची शाकारणी म्हणजे सगळा गाव. मुंबईचे लोक रजा त्या बेताने घेत. वर दोन-तीन जाणती माणसं, शिडीवर एक-दोन, आणि खाली मैदानभर रांग. कौल हातोहात जायचं. जागा निवडायची नाही, आधी जो आला त्याच्या शेजारी उभं राहायचं. त्यामुळे बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ शेजारी शेजारी यायचे आणि दिवसभर एकमेकांच्या हातात कौलं द्यायचे.

आणि नियम एक. घेणाऱ्याने ‘घेतलं’ म्हटल्याशिवाय देणाऱ्याने सोडायचं नाही. दुसरं काही बोललात न बोललात, तेवढं बोलायचंच. मैदानावर दिवसभर तोच आवाज: घेतलं, घेतलं, घेतलं. ते भाऊही म्हणायचे. वर्षभरात त्यांच्यात तेवढंच बोलणं व्हायचं.

पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या एका बाजूला आई होती आणि दुसऱ्या बाजूला खालच्या वाडीतल्या काकी. टायवाली म्हणून त्या मला ओळखत होत्या. “शिकाक येवक नाय, पण कौलां देवक बरी इलंस गो,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. आई हसली नाही. कौल माझ्या हातात टेकलं, मी पुटपुटले, पण आईने सोडलं नाही. “तोंडातल्या तोंडात नको. समोरच्याला ऐकू गेलं पाहिजे.” मी पुन्हा म्हटलं. मग सोडलं. संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसला होता, आणि तो बोलून बसला याचं मलाच नवल वाटत होतं. दुपारी व्हरांड्यात सगळ्यांच्या पंगतीत भात, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. त्या पंगतीत हजेरी नसायची.

मी नववीत असताना पत्रे आले. ते मामाने आणले, आणि प्रेमाने आणले, हे आधी सांगायला हवं. मामा मंडळाचा सेक्रेटरी. गिरण्या गेल्यावर मंडळातली माणसं परळ-लालबागहून मुलुंड, घाटकोपर, कांदिवली अशी पांगली होती. त्यांच्या मुलांना मेमध्ये रजा मिळेना. रांग आखूड होत चालली. एका वर्षी छपरावरून एक म्हातारे गृहस्थ घसरले आणि खुबा मोडून बसले. मामाने ठरवलं, आता कोणाला वर चढायला लावायचं नाही. त्याने दोन वर्षं खपून पत्रे मिळवले, स्वतः उभा राहून बसवून घेतले, आणि आईला म्हणाला, “झकास झालं ना, ताई? आता शाकारणीची कटकटच नाही.”

कटकट नाही म्हणून पुढच्या मेमध्ये कोणी आलं नाही. कोणाची चूक म्हणून सांगत नाही. कामच नव्हतं, तर यायचं कशाला? मुंबईचे लोक आपापल्या घरी येऊन आंबे घेऊन गेले. हायस्कूल वाटेवर होतं म्हणून दिसलं तेवढंच.

आणि मग जून आला. आमच्या कोकणातला पाऊस पत्र्यावर पडला की खाली माणूस माणसाला ऐकू येत नाही, हे मुलुंडच्या मीटिंगमध्ये कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एका शनिवारी मी शेवटच्या बाकावर होते आणि आई कविता म्हणून दाखवत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. पुढच्या बाकावरच्या मुली कानामागे हात धरून वाकल्या होत्या. मागची मुलं आधी गप्प होती, मग आपापसात खुणा करायला लागली. आईने आवाज चढवला, आणखी चढवला, मग ती थांबली. खडू घेऊन तिने अख्खी कविता फळ्यावर लिहिली. त्या पावसाळ्यात कविता लिहूनच शिकवल्या गेल्या. घरी ती गरम पाण्याच्या गुळण्या करायची आणि रात्री आमच्याशी फार बोलायची नाही. पत्र्यांबद्दल भावाला मात्र ती एक अक्षर बोलली नाही. तो किती हौसेने आला होता, एवढंच म्हणायची.

पुढच्या वर्षी तालुक्याची जीप दोन फेऱ्या करायला लागली.

या सगळ्यानंतर मी मुंबईला आले. कॉलेज संपेपर्यंत मामाकडे होते, आता कांदिवलीला दोन मुलींबरोबर रूम शेअर करते आणि अंधेरीला एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे. फोनवर नाही, ई-मेलवर. रूममेट म्हणते, “यार, तू घरात आहेस की नाही तेच कळत नाही.” आमच्या बिल्डिंगला स्लॅब आहे. पाऊस पडतो ते खिडकीतून बघितलं तरच कळतं. सुरुवातीला मला ती शांतता फार आवडली. नंतर कधीतरी लक्षात आलं, की या शांततेत मला कोणाला काही सांगायचंच नसतं.

यंदा फेब्रुवारीत मामाचा फोन आला. मंडळाची सभा आहे, मुलुंडला, रविवारी. आठवीला नाव घालायला कोणी उरलेलं नाही. वर्ग यंदा उघडायचा नाही आणि इमारतीत इंग्रजी माध्यमाची बालवाडी सुरू करायची, असा त्याचा प्रस्ताव होता. आठवी बंद म्हणजे पुढे नववी, दहावीही आपोआप बंद, आणि आई अतिरिक्त ठरून निवृत्तीच्या तोंडावर कुठेतरी लांबच्या शाळेत जाणार, हे त्यालाही कळत होतं. “पण ताईला पगार तर चालू राहील ना. तू दोन मिनिटं बोल, बाय. इंग्लिश मीडियमची मुलगी, अंधेरीला एवढ्या मोठ्या ऑफिसात. लोकांना पटेल.”

मी आईला विचारलं, काय बोलू. तिने काय बोलायचं ते सांगितलं नाही. “तुला वाटेल ते बोल,” म्हणाली. “पण ऐकू जाईल असं बोल.”

सोसायटीचा हॉल होता, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा-वेफर्स. मामाने माझी ओळख करून दिली तेव्हा त्याचा चेहरा फुललेला होता. मी उभी राहिले. जे ठरवून आले होते ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले की पत्रे आल्यापासून पावसाळ्यात वर्गात शिकवलेलं ऐकू येत नाही, मी स्वतः मागे बसून पाहिलंय, कौलं शाळेमागे अजून रचून ठेवलेली आहेत, आणि या मेमध्ये आपण सगळे गेलो तर ती परत चढवता येतील.

 मामा हातातला कप बघत होता. मग मागून घाटकोपरच्या एक बाई, माझ्या आईच्याच जुन्या विद्यार्थिनी, शांतपणे म्हणाल्या, “बाईंनी तुला तिथे घातलं असतं, तर आमच्या वहिनीनेही मुलं घातली असती. तिने बाईंकडे बघूनच तालुक्याला घातली.”

त्यात रागही नव्हता.  मी खाली बसले. “पोरीला बोलू नका, तिला कुठे घातलं ते तिने ठरवलं नव्हतं,” असं म्हणाला तो मामाच. मग हात वर झाले आणि आठवी बंद झाली. मेमध्ये कोण कोण येईल, असं एका काकांनी विचारलं खरं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाच्या मुलाचे क्लासेस.

मामा मला त्याच्या घरी घेऊन गेला. जेवायला बसलो तेव्हा मामीला म्हणाला, “तिला आधी वाढ.” नंतर बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, “मला ताईने का नाही सांगितलं गं?”

मे महिन्यात मी गेले. आमच्या घराच्या मागच्या पडवीची कौलं फार फुटली होती आणि शाळेमागचा ढीग कोणालाच नको होता. शाळेच्या कमिटीने नेऊ दिली. बाबांनी टेम्पोने आणली. त्यांच्यावर शेवाळ चढलं होतं, आई खराट्याने एकेक घासत होती. जूनपासून तिला दोन गाड्या बदलून नव्या शाळेत जायचं होतं. त्याबद्दल ती एवढंच म्हणाली की तिथे स्लॅब आहे, बरं होईल, घसा वाचेल.

रांग म्हणजे आम्ही तिघंच. बाबा शिडीवर, मध्ये मी, खाली आई. ढीग निम्मा झाला तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. मामा होता. कोणी बोलावलं नव्हतं. बॅग तुळशीपाशी ठेवून, शर्टाच्या बाह्या वर करून, तो आईच्या पलीकडे, ढिगाजवळ जाऊन उभा राहिला. त्याने कौल उचलून तिच्यापुढे धरलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. “घेतलं,” ती म्हणाली.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, गाव आठवतं का. मला गाव नाही आठवत. टायवाल्या मुलीला गावाने आपलं म्हटलं की नाही, हे मला कधी नीट कळलंच नाही. मला त्या मैदानावरचा आवाज आठवतो. ज्या शाळेच्या हजेरीत माझं नाव नव्हतं ती आता राहणार नाही, तिची कौलं मात्र माझ्या आईच्या पडवीवर आहेत. घर कुठे आहे म्हणून कोणी विचारलं, तर कांदिवलीचा पत्ता सांगून मी मनात ती पडवी धरते.

मामाकडून आलेलं ते कौल आईने माझ्यापुढे केलं. जड होतं, अजून ओलं. मी दोन्ही हातांनी धरलं आणि नेहमीसारखी पुटपुटले. तिने सोडलं नाही. मामा वाट बघत उभा होता, शिडीवर बाबाही.

“ऐकू नाही आलं,” आई म्हणाली.

“घेतलं,” मी म्हटलं. शेजारच्या घरात ऐकू जाईल असं.

मग तिने सोडलं.