न गिळणारं तोंड

कोळ्याच्या घरात जन्मून मासळी न खाणारा माणूस कुणाला बघायचा असेल, तर त्याने वर्तकनगरला आमच्याकडे यावं. माझा नवरा, परशुराम. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर. हात सोन्याचे, डोक्याचं मात्र काही विचारू नका. मीही कोळ्याचीच लेक. पण बोंबील तळायचे ते हे कामावर गेल्यावर, आणि परत यायच्या आत खिडक्या सताड उघडून वास घालवायचा. नवऱ्यापासून लपवून बाया काय काय करतात, मी मासे तळायचे.

सासूबाई, आवडाबाई, ठाण्याच्या बाजारात मासळी विकायच्या. 'आवडाबाईच्या पोटी भट जन्मला,' म्हणून सगळा कोळीवाडा हसायचा. तेही त्यांनी सोसलं. पण पुढे गिऱ्हाइकंच विचारायला लागली, 'मावशी, तुझा पोरगा तोंड लावत नाही, मग तुझा माल ताजा कशावरून?' हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यात आम्ही वर्तकनगरला राहायला आलो. पहिल्याच दिवशी त्या पाटीभर पापलेटं घेऊन आल्या, आणि ह्या शहाण्याने दारातच सांगितलं, 'आये, पाटी जिन्यात ठेव. घरात वास राहतो.' पाटी जिन्यात राहिली. त्या दिवसापासून सासूबाईंनी आमच्या घरात पाण्याचा घोटही घेतला नाही. यायच्या, उंबऱ्याशी टेकायच्या, पोरांना खाऊ द्यायच्या, निघायच्या. मी विनवण्या करून थकले. त्यांचं एकच, 'भूक नाय.' आणि हे पेपरात डोकं खुपसून बसलेले! म्हातारी किती दिवसांची सोबती, ह्याच हट्टात डोळे मिटले तर जन्माचा डाग लागेल, हा घोर मला एकटीलाच.

एकोणनव्वद साली दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीच्या मंडळाने पोरांसाठी आनंदमेळा भरवला. शेजाऱ्यांनी भेळेचे, लिंबू-सरबताचे स्टॉल लावले. सुटसुटीत काम. पण ह्यांना सुटसुटीत काही सुचेल तर शपथ. ह्यांनी ठरवलं, लहानपणी जे जे घशाखाली उतरलं नाही त्याचा खेळ करायचा. महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात कागदाचा लगदा, मैद्याची खळ आणि सायकलची चेन. कणीक मळायला परात मिळेना. त्यातून कपाटाएवढं एका पोराचं तोंड तयार झालं. पायाखालची पट्टी दाबली की जबडा उघडायचा. आत काहीतरी टाकायचं. पट्टी सोडली की लालभडक जीभ सपकन बाहेर यायची, टाकलेलं परत अंगावर यायचं आणि सायकलचा भोंगा वाजायचा, पों! टाकायला कारलं, शेपू, पडवळ सगळं कापडाचं. शिवलं कुणी? मीच, आणखी कोण.

मेळ्याच्या आधी दोन दिवस पोरांनी खेळून बघितलं, तर बिल्डिंगमधल्या बायका माझ्याच अंगावर आल्या. 'सगुणाताई, आमची कार्टी आता ताटातलं पण थुंकतात आणि पों करतात!' मी काय करणार? माझं घरात कोण ऐकत होतं?

शेवटी ह्यांनी माझ्या हातात पांढरं कापड दिलं. 'एक बोंबील शिव.' मी म्हटलं, 'अहो, बोंबील कशाला?' तर म्हणे, 'उद्घाटनाला आयेला बोलावलंय. बघून हसेल.' मी कपाळावर हात मारला. 'हसतील? चारचौघांत अपमान होईल त्यांचा! उंबऱ्यापर्यंत येतात, तेही बंद होईल!' पण पालथ्या घड्यावर पाणी.

सासूबाई नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून आल्या. नारळ फोडला. मग ह्यांनी कापडाचा बोंबील त्यांच्या हातात दिला. 'हो पुढे आये, टाक.'

'ह्यो पोर कोन?'

'मीच. लहानपणचा.'

त्यांनी बोंबील टाकला. सपकन परत. पों! पोरं खिदळली. त्यांनी उचलून पुन्हा टाकला. पुन्हा पों! आता मोठी माणसंही हसायला लागली. मला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं. कारण सासूबाईंचा चेहरा उतरला होता, आणि हे आपले पायाने पट्टी दाबत कौतुकाने जबड्याकडे बघत उभे.

मग त्यांनी पदर खोचला. खुर्ची ओढून वर चढल्या. एका हाताने त्या तोंडाचं नाक दाबलं, दुसऱ्याने बोंबील पार कोपरापर्यंत आत कोंबला. 'गिल! गिल मेल्या!' आत काहीतरी कट्कन मोडलं. त्यांनी हात ओढून घेतला आणि जबडा बंद झाला. भोंगा नाही, जीभ नाही. हसणंही थांबलं.

सासूबाई खुर्चीवरून उतरल्या. 'सगल्या ठान्याला जेवू घातला मी. मना वाटला नसंल कवा, माज्या पोरानं माज्या हातचा एक घास खावा?'

'आये, स्प्रिंग तुटली,' हे हातात पान्हा घेऊन म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी तोच पान्हा ह्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. पण पान्हा ठेवून हे पुढे झाले, आईचा हात धरला. 'वर चल. जेवून जा.'

त्या बघतच राहिल्या. 'काय हाय जेवाला?'

'मेथी,' मी म्हटलं.

'मना मेथी नाय चालत,' असं म्हणत त्या जिना चढल्या. उंबऱ्याशी थांबल्या नाहीत. तोंड वेडंवाकडं करत अर्धी भाकरी खाल्ली, मेथी कडू म्हणून मला बोलल्या आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. हे समोर बसून त्यांच्या ताटाकडे बघत होते.

मी ओट्याकडे तोंड करून रडून घेतलं. आनंद होताच, पण राग जास्त होता. 'जेवून जा' हे इतकी वर्षं मी म्हणत होते. ह्यांनी आज पहिल्यांदा म्हटलं होतं.