धाकट्याची गाडी वाजत नाही

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराचा दिवा तेवढा दिसत होता, घर दिसत नव्हतं. फाटकाखालून येणारं गार वारं थेट बरगड्यांत शिरत होतं आणि काटेवाला त्याच वाऱ्यात पोत्यावर आडवा पडून आपल्या गाडीच्या बुडाखाली डोकं घालून होता. अशी थंडी त्याला मानवायची. या गाडीचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, जुळवायच्या तर इंजिन रात्रभर निवून दगड व्हावं लागतं. गाडी जुनी, हवेवर थंड होणारी. रेडिएटर नाही, पाणी नाही, इंजिन मागे आणि सामानाची डिकी पुढे. शेजारी म्हणायचे, "उलट्या काळजाची आहे, पण चालते बाई!"

डायनामोच्या पुलीला पाना लावून तो इंजिन हातानं थोडं फिरवी, मग नखाएवढ्या फटीत पातळ पोलादी पत्ती घाली. पत्ती जरा अडखळत सरकली की फट बरोबर. सैल वाटली तर स्क्रू कसायचा, घट्ट वाटली तर ढिला करायचा. असे आठ व्हॉल्व्ह. दर दोन महिन्यांनी हा सोहळा ठरलेला. फट असली की इंजिन टिकटिक वाजतं. फट बुजली की आवाज गप्प होतो, लोक वा वा करतात, आणि आत व्हॉल्व्ह नीट मिटत नाही म्हणून हळूहळू जळत जातो. "वाजणारं टॅपेट परवडलं," आबा शिकवायचे, "मुकं झालं की समज, घात करणार."

आबा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर टपालाची गाडी हाकली आणि तीत कान गमावले. ही गाडी मूळची त्यांची. सात वर्षांपूर्वी त्यांनी दोन्ही मुलांना अंगणात उभं करून विचारलं, कुणाला हवी? धाकटा म्हणाला, "हा पत्र्याचा डबा? मला फुकट दिला तरी नको." काटेवाल्यानं घेतली. तेव्हा तिच्या तळातून रस्ता दिसायचा. तीन वर्षं सुट्टीचा एक दिवस त्यानं मोकळा जाऊ दिला नाही. त्याचा धंदा तराजू-काटे दुरुस्तीचा, म्हणून तर हे नाव. तळाला त्यानं एका मोडीत निघालेल्या मोठ्या काट्याचा पत्रा कापून बसवला. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखाली अजून ठसठशीत अक्षरं वाचता येत: दोनशे किलोपर्यंत. आबा दरवेळी पाय ठेवताना म्हणायचे, "मी बसतो बाबा, मी मर्यादेत आहे." डावं दार भंगारातलं, हिरवं. बाकी गाडी करडी. तिला नाव पडलं खडखडी. पुढच्या डिकीत वजनांची पेटी टाकून काटेवाला रोज तिच्यातून बाजाराला जायचा. ऊन असो, गारठा असो, एक दिवस घरी बसली नाही.

आठवा व्हॉल्व्ह झाला. नव्या पॅकिंगला बोटानं ऑइल लावून त्यानं झाकण चढवलं, तारेची कडी खटकन बसवली आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी येऊन थांबली. येऊन थांबली हे त्याला दिसलं. ऐकू आलं नाही.

धाकट्याची निळी.

तीच बांधणी, तेच साल. गेल्या वर्षी धाकट्यानं कुठूनशी उचलली, मोठ्या वर्कशॉपला दिली आणि सहा महिन्यांत नवरीसारखी सजवून आणली. पत्रा असा की त्यात बघून भांग पाडावा. आत मऊ गाद्या. ज्यानं डब्याला नाक मुरडलं त्याच्याच दारात आता तसलाच डबा, आणि गल्ली थांबून थांबून बघते! काटेवाल्याला हे वर्षभर सलत होतं.

"दादा, अजून बुडाखालीच?" धाकटा काच खाली करून म्हणाला. "गाडी चालवतोस की तिचं बाळंतपण करतोस?"

"तुझ्यासारखं दुसऱ्याच्या हातून करून नाही घेत."

"आमची वाजत नाही रे बाबा. सुरू आहे की बंद, हात लावून बघावं लागतं."

कचरा टाकायला आलेली शेजारीण थांबली. "खरंच हो! आणि यांची सुरू झाली की आमचं दूध उतू जातं."

दोघं हसले. काटेवाल्यानंही ओठ ताणले. पण त्याचे कान निळीच्या बुडाकडे लागले होते. टिकटिक नव्हतीच. अजिबात नव्हती. आणि मधूनच धुराच्या नळीतून हलकासा फुसका ढेकर येत होता, चांगलं जेवलेल्याचा नव्हे, पोट बिघडलेल्याचा. त्याच्या लगेच ध्यानात आलं. फटी बुजल्यात. नवं बांधलेलं इंजिन थोडं चाललं की फटी कमी होतात, पुन्हा जुळवाव्या लागतात. यानं जुळवलेल्या नाहीत.

तो तोंड उघडणार तोच धाकटा गाडीतून उतरला आणि पायरीवर बसलेल्या आबांच्या कानाशी वाकून ओरडला, "आबा, उद्या सकाळी आठला! घाट ओलांडून ताईकडे! माझ्या गाडीतून!"

आबांचा चेहरा फुलला. "त्या मऊ गादीवर?"

"त्याच!"

"मग बरं झालं. थोरल्याच्या गाडीत कंबरेला स्प्रिंग टोचते."

दर थंडीत आबांना महिनाभर लेकीकडे पोचवायचं काम काटेवाल्याचं. सात वर्षं त्याचं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर थांबायचं, इंजिनला वारा द्यायचा, थर्मासातला चहा प्यायचा आणि आबांनी टपालाच्या गाडीची तीच गोष्ट सांगायची. ती गोष्ट आता निळीच्या गादीवर सांगितली जाणार होती. काटेवाल्यानं उघडलेलं तोंड मिटलं आणि मूग गिळून हात पुसत बसला.

दिवसभर तो बाजारात होता, पण मन घाटात. किराणावाल्याचा काटा खोलून बसला आणि डोळ्यासमोर निळी चढ चढू लागली. तिसरं वळण. फाट्! गाडी बंद. धाकटा मागचं झाकण उघडून उभा, माकडानं घड्याळात बघावं तसा. मग फोन, रडका आवाज: दादा, येतोस का? मग खडखडी टिकटिकत वर येते, काटेवाला काच खाली करतो आणि शांतपणे विचारतो, "काय रे, हात लावून बघितलंस का सुरू आहे की बंद?" हे वाक्य त्यानं चार प्रकारे म्हणून पाहिलं. चौथा प्रकार सगळ्यात झोंबणारा होता.

"काटेवाले, हसताय काय?" किराणावाला म्हणाला. "तुम्ही जुळवलेला काटा माझी साखर पन्नास ग्रॅम जास्त देतोय."

त्यानं मान खाली घातली आणि काटा पुन्हा खोलला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

दुपारी चित्र परत मनात आणलं, तर एक गोष्ट आड आली. गाडी वळणावर बंद पडली तर आबा कुठे असतील? आतच. धुक्यात, चढावर, मागून मालाच्या गाड्या येतायत, आणि आबांना भोंगा ऐकू येत नाही. त्यानं आबांना चित्रातल्या गाडीतून उचलून कडेला कठड्याशी बसवलं. पण चित्रातसुद्धा ते तिथे टिकेनात.

संध्याकाळी बायको आबांची पिशवी भरत होती. स्वेटर, औषधं, दातांची डबी. हा कोपऱ्यात बसून आधीच लख्ख असलेला पाना घासत होता.

"काय झालंय?" ती म्हणाली. "सकाळपासून तोंड फुगलंय. भाऊजींची गाडी अजून पचली नाही ना?"

"त्याच्या गाडीला काय धाड भरलीय!" मग पान्याकडे बघतच म्हणाला, "भरलीय खरी धाड. टॅपेट बुजलेत तिचे. घाटात व्हॉल्व्ह जळेल, नाहीतर तुटून आत पडेल."

पिशवीतला हात थांबला. "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"आबा बसणारेत त्यात!"

"ठाऊक आहे."

"आणि ठाऊक असून गुळणी धरून बसलात? जगाचे काटे सरळ करता, स्वतःचं पारडं बघा कुठे कललंय ते!"

"अगं, तो काय म्हणेल? म्हणेल दादा जळतोय."

"मग? नाही जळत?"

त्यानं पाना आणखी जोरात घासला. ती पिशवीची चेन ओढत म्हणाली, "जळा हो. जळायला कोण अडवतंय? पण सांगून जळा."

रात्री त्याला वाटलं फोन करावा. पण फोनवर धाकटा हसणार, 'बघू' म्हणणार आणि सकाळी गाडी सुरू करणार. एकदा इंजिन तापलं की दिवसभर हात लावता यायचा नाही. म्हणजे त्याच्या आधी गाठायला हवं.

सकाळी साडेसहाला तो धाकट्याच्या फाटकात पोचला तेव्हा धाकटा मफलर गुंडाळून निळीच्या दाराचं कुलूप उघडत होता.

"चावी लावू नकोस!" काटेवाला खडखडीतूनच ओरडला.

"काय झालं? आबांना काही…"

"आबा चहा पितायत. गाडी सुरू करू नकोस. पोतं आहे का?"

"गरम करून ठेवतो की जरा. आठला निघायचंय."

"गरम केलीस तर आज निघणारच नाहीस. पोतं दे."

त्याच्या सुरात असं काहीतरी होतं की धाकट्यानं मुकाट्यानं पायपुसणं आणून दिलं. मग कपातला चहा भुरकत डोक्याशी उभा राहिला. काटेवाल्यानं उजव्या बाजूचं झाकण काढलं, पुलीवर पाना लावला. पहिला व्हॉल्व्ह: पत्ती जेमतेम गेली. दुसरा: अर्धी जाऊन अडली. डाव्या बाजूला, तिसऱ्या सिलिंडरला, जिथे वारा सगळ्यात कमी पोचतो, तिथे पत्तीचं टोकसुद्धा आत जाईना. त्यानं दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा डोळे मिटून केला. नाहीच.

"हे बघ," तो म्हणाला.

"काय बघू? मला त्यातलं काय कळतं? वर्कशॉपवाल्यांनी पाचशे किलोमीटरला बोलावलं होतं म्हणा. पण आवाजच नाही तर जाऊन काय सांगू, आवाज येत नाही म्हणून?"

"हो. तेच सांगायचं होतं."

पाऊण तास लागला. आठही फटी एकसारख्या झाल्या. हे त्याचं स्वतःचं काम असतं तर त्यानं एवढी काळजी घेतली नसती. धाकट्याच्या गाडीत एक केसाची चूक राहून चालणार नव्हती. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

"लाव आता."

धाकट्यानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि अंगणभर आवाज झाला: टिकटिक टिकटिक टिकटिक. थेट खडखडीसारखा. सख्ख्या बहिणी.

धाकटा खाली उतरला. चेहरा लाल. "हे काय केलंस? माझी गाडी कशी होती आणि कशी करून ठेवलीस!"

"आता बरोबर आहे."

"बरोबर? तुझ्या डब्यासारखी वाजायला लागली म्हणजे बरोबर? बघवलं नाही ना तुला, दादा! वर्षभर बघतोय मी तुझं तोंड. खरं सांग, बघवलं नाही ना?"

काटेवाला पत्ती पुसत होता. बोलायला खूप होतं. जळालेला व्हॉल्व्ह कसा दिसतो, पिस्टनला कसं भोक पाडतो, सगळं सांगता आलं असतं. पण ती टिकटिक कानात शिरली तेव्हा त्याला आतून जी गुदगुली झाली होती ती काही व्हॉल्व्ह वाचल्याची नव्हती. म्हणून तो एवढंच म्हणाला, "तिसऱ्या वळणावर थांब. इंजिनला वारा दे. पाचशे झाले की आण माझ्याकडे."

"आणतो! तुझ्याकडे!" धाकट्यानं दार आपटलं.

आठ वाजता निळी काटेवाल्याच्या दारात आली. आबा काठी टेकत मागे गेले आणि जुन्या सवयीनं इंजिनच्या झाकणावर तळवा ठेवून उभे राहिले. ऐकू येत नसलं तरी हाताला कळायचं. बराच वेळ उभे होते. मग काटेवाल्याकडे वळून हळूच मान डोलावली. पुढे होऊन त्यानं दार उघडलं, पिशवी आत ठेवली.

आबा बसले, दोनदा गादीवर हिंदकळून बघितलं. "काही म्हण थोरल्या," ते मोठ्यानं म्हणाले, "गादी धाकट्याचीच!"

आणि निळी टिकटिकत धुक्यात गेली.

साडेबाराला काटेवाला लोखंडवाल्याच्या दुकानात मोठ्या काट्यापुढे उकिडवा बसला होता तेव्हा बहिणीचा फोन आला.

"पोचले हो आबा. छान जेवले, झोपले. पण तुमचं दोघांचं झालंय काय? धाकटा आल्यापासून एकच घोकतोय, दादानं माझी गाडी बिघडवली."

"घाटात कुठे बंद पडली का?"

"बंद? नाही. तिसऱ्या वळणावर थांबले होते म्हणे, आबांनी गोष्ट सांगायला."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आवाज येतोय का गाडीचा?"

"येतोय म्हणजे? गाडी दिसायच्या आधी फाटकात ऐकू आला. मला वाटलं, तूच आलास."

"बरं," तो म्हणाला. "असू दे तसाच."

त्यानं फोन खिशात टाकला. लोखंडवाला वाट बघत उभा होता. काटेवाल्यानं पेटीतून वीस किलोचं वजन उचलून काट्याच्या मधोमध ठेवलं, वाकून सुई बघितली. सुई थरथरत होती. ती थांबेपर्यंत तो वाकूनच राहिला. मग, कोपऱ्यातही तेवढंच भरतं का ते बघायला, वजन उचलून डाव्या कोपऱ्यात ठेवलं.