अकरा नंबरची बाई

लातूरच्या कोर्टात मी एकतीस वर्षं बेलिफ होतो. समन्स घेऊन रेणापूर, चाकूरची गावंच्या गावं पायाखाली घातली, त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतंय ते त्या घरच्या सुनेच्या आधी मला कळायचं. आता रिटायर झालोय, पण खोड काही रिटायर होत नाही. तेव्हा शेजारच्या शिवकांताची गोष्ट मी नाही सांगायची तर कुणी सांगायची?

शिवकांता त्याच कोर्टात टायपिस्ट होती. तिच्याइतकी भित्री बाई उभ्या जिल्ह्यात सापडायची नाही. साहेब नुसते खोकले तरी हिच्या हातून पूर्णविराम पडायचा. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघायची आणि चौथ्यांदा ओढायला चौकातून परत यायची. नवरा बजरंग एसटीत कंडक्टर. तो म्हणतो, "काका, लग्नात हिनं अंतरपाटाखालून पहिल्यांदा माझे पाय बघितले. उलटे तर न्हाईत ना म्हणून."

वीस वर्षं तिनं जबान्या टाइप केल्या. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, साहेब सांगायचे, ही बडवायची. नाव, वय, धंदा, राहणार. मग शपथेवरचं बोलणं. शेवटी 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' मधला मजकूर पुष्कळांचा एकच असायचा: मला काही माहीत नाही, मी काही पाहिलं नाही. पोलिसांपुढं पोपटासारखं बोललेली माणसं कोर्टात फिरायची. त्यांना आम्ही फितूर साक्षीदार म्हणतो.

अशा या बाईनं एक दिवस स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी नांदेडच्या विद्यापीठात एलएल.एम.ला नाव घातलं. खास विषय फौजदारी कायदा. सकाळच्या कॉलेजात जाऊन एलएल.बी. तिनं आधीच उरकलं होतं, आणि ते मला, शेजारच्या माणसाला, पाच वर्षं कळलं नव्हतं. या गोष्टीचा मला अजून राग आहे. लातुरातल्या एका लॉ कॉलेजानं शब्द दिला होता की एलएल.एम. झालं की तासावर शिकवायला या. मी गल्लीत सांगून टाकलं की जावेशी भांडण झालंय म्हणून ही नांदेडला पळाली. ते तिच्या कानावर गेलं. मला म्हणाली, "काका, वीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टाइप केलं. एकदा उभं राहून स्वतः बोलायचंय." मी चहा घेतला आणि घरी आलो.

सोमवारी पहाटेची एसटी, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड. शनिवारी परत. वर्गात सगळी पंचविशीतली पोरं. तिला काकू म्हणायची. त्यातला एकच लातूरचा, आलोक. गोरागोमटा, गोड बोलणारा वकील. एलएल.एम.ला यायच्या आधी तो ज्या मोठ्या वकिलाकडं बसायचा, त्या वकिलाचं नाव लक्षात ठेवायची गरज नाही, अशिलाचं ठेवा. अशील म्हणजे रेणापूर तालुक्यातल्या एका गावचे अर्जुनराव.

बारा वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात अर्जुनरावांच्या चुलतभावाचा खून झाला. बघणारी एकच, कावेरीबाई. गावात घरोघर जाऊन बांगड्या भरणारी विधवा. तिचं समन्स मीच बजावलं होतं. कोर्टात ती म्हणाली, मला काही माहीत नाही. अर्जुनराव सुटले. ते वाक्य टाइप केलं शिवकांतानं. बाईचा हात पिंजऱ्याच्या कठड्यावर इतका थरथरत होता की बांगड्यांच्या आवाजानं तिला साहेबांचं बोलणं ऐकू येईना.

तो आवाज तिच्या डोक्यातून गेलाच नाही. प्रबंधाला तिनं विषय घेतला फितूर साक्षीदार. बावीस जणांच्या मुलाखती घेतल्या. एकवीस जण तीन तीन ओळी बोलले. कावेरीबाई मात्र सगळं बोलली, पण आधी अट घातली. म्हणाली, "कोर्टातली शपथ मी मोडलीच हाय बाई, तिचं काय सांगू नका मला. खंडोबापुढं बेल-भंडार उचला. ही बाई कोण, ते तुमच्यापायी कुणाला कळणार न्हाई म्हणून."

शिवकांतानं उचलला. मग कळलं ते असं. साक्षीच्या आदल्या सकाळी कावेरीबाईची लेक राजकन्या, तिचं सासर त्याच गावात, दार उघडून बाहेर आली तर उंबऱ्यावर हिरव्या बांगड्यांच्या काचांचा ढीग. कुणीतरी मुद्दाम फोडून रचलेला. अर्थ सांगायला कुणी थांबलं नव्हतं. बांगड्या भरणाऱ्या आईला तो सांगावाही लागला नाही. दुसऱ्या दिवशी जावई जिवंत राहावा म्हणून ती खोटं बोलली.

खटला संपला म्हणून भीती संपली नव्हती. सरकारनं केलेलं अपील हायकोर्टात अजून पडून आहे.

प्रबंधाच्या पाच प्रती बांधून विद्यापीठात गेल्या. नावाच्या जागी शिवकांतानं नंबर घातले होते. कावेरीबाई अकरा नंबर. प्रती देऊन परत येताना लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा हिनं आपल्याजवळची प्रत कौतुकानं उघडली. आणि अकरा नंबरच्या पानावर अडकली. नाव नव्हतं, खरं. पण बोटांना वीस वर्षांची सवय. प्रत्येक मुलाखतीच्या डोक्यावर तिनं जबानीसारखंच टाइप केलेलं: वय, धंदा, राहणार. अकरा नंबरला स्वच्छ लिहिलेलं: वय ५८, धंदा बांगड्या भरणे, आणि गावाचं नाव, तालुका रेणापूर. त्या गावात बांगड्या भरणारी दुसरी बाई नाही.

ती रात्री आमच्या दारात आली. नुसतं ते पान पुढं केलं. मी वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी बातमी कुणाला सांगावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी गाईडला, राजश्री मॅडमना, फोन केला. त्या म्हणाल्या, दिलेल्या प्रती आता बदलता येत नाहीत. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाल्यावर परीक्षकांनी दुरुस्ती सुचवली तरच. व्हायवा पुढच्या गुरुवारी. तोवर प्रती विभागात राहतील, विद्यार्थ्यांना चाळता येतात.

सोमवारी ती विभागात गेली तर आलोक तीच प्रत घेऊन बसलेला. म्हणाला, "काकू, लई मेहनत केली तुम्ही. ती अकरा नंबरची बाई तर ओळखीची वाटायली."

"तुमच्या?" हिनं विचारलं.

"आपल्या," तो हसून म्हणाला. "खरीच हाय का हो? का रंगवून लिहिली? काही जण रंगवतात."

ही पिशवी उचलून बाहेर आली. त्या दिवसापासून तिनं जेवण सोडल्यातच जमा. बजरंग म्हणाला, "काका, हिला घेऊन त्या गावाला जाऊन या. बाईला सांगू द्या, न्हाईतर ही व्हायवाच्या आधीच जायची."

बुधवारी आम्ही गेलो. कावेरीबाई ओसरीवर एका तरण्या बाईच्या हातात बांगड्या भरत होती. मला बघून म्हणाली, "बेलिफसायब, आता कुणाचं समन्स आणलं?"

"रिटायर झालो बाई. आता फुकट हिंडतो."

"फुकट हिंडणाऱ्याला आमच्यात च्या न्हाई." मग तिची नजर शिवकांतावर गेली आणि हात क्षणभर थांबला.

"ह्या कोण?" तरण्या बाईनं विचारलं.

"लातूरचं गिऱ्हाईक," कावेरीबाई म्हणाली. "बाई, ह्या आमच्या अर्जुनरावांच्या सूनबाई."

शिवकांता खालीच बसली. सूनबाई उठायचं नाव घेईना. लातुरात कुठं राहता, मालक काय करतात, इतक्या लांब बांगड्या भरायला आलात होय. मी माझ्या धंद्याला शोभेल असं खोटं बोलत राहिलो, नवस होता म्हणालो, देवी म्हणालो. कावेरीबाईनं शिवकांताचा हात ओढून घेतला आणि बांगड्या चढवायला लागली. हात इतका ताठ धरलेला होता की तिसरी बांगडी फुटली आणि मनगटावर रक्त आलं.

"हात सैल सोडा," कावेरीबाई हळू म्हणाली. "ताठ धरला की फुटती."

सूनबाई गेली तेव्हा शिवकांतानं सगळं सांगितलं. कावेरीबाई ऐकत होती आणि एकीकडं ओसरीवरच्या काचा वेचत होती, एकही तुकडा मागं राहू नये अशी.

"बेल उचलला व्हता तुम्ही," ती म्हणाली.

"चुकले. पण नाव नाही सांगणार मी. काहीही झालं तरी."

"नावाचं काय घिऊन बसलात? पुस्तकात कायबी लिहिलं असंल. लोक म्हणतेल, रंगवलं. पण तुमच्या तोंडानं तुम्ही नुसतं 'ती हाय' म्हणलात ना, की झालं. माझी लेक ह्याच गावात नांदती, बाई." आणि मग, वेचलेल्या काचा पदरात बांधत, "जावा आता. पारावरून जाऊ नका, मागच्या वाटंनं जावा."

परतीच्या गाडीत शिवकांता दर मोटरसायकलीला मागं वळून बघत होती. मी थट्टा करणार होतो, पण मीही बघत होतो.

व्हायवाला कुणीही बसू शकतं असं कळल्यावर मी कसला घरी राहतोय. पाठीमागच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी कोण, तर आलोक. वही उघडून, पेन काढून. मला म्हणाला, "काका, तुम्ही इकडं कुठं?" म्हटलं, "मलाही एलएल.एम. करायचंय."

बाहेरून आलेले परीक्षक रेणुकादास सर. साठी ओलांडलेले, जुने सरकारी वकील. त्यांनी अर्धा तास विचारलं आणि शिवकांतानं उत्तरं दिली. आधी आवाज विहिरीतून आल्यासारखा, मग मोकळा होत गेला. साक्षीदार का फिरतो, कायदा त्याला काय देतो, काय देत नाही, न बघता सांगत होती. राजश्री मॅडमच्या तोंडावर पास झाल्यासारखं हसू आलं. मी आलोककडं बघितलं. त्याच्या वहीत अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

मग सरांनी मागची पानं उघडली. "अकरा नंबर. बाई, तुमचा सगळा प्रबंध या एका मुलाखतीवर उभा आहे. म्हणून विचारतो. बाकीचे तीन ओळी बोलतात आणि ही एकटी चार पानं. माझ्या आयुष्यात असा साक्षीदार मला भेटला नाही. मी नाव विचारत नाही. फक्त सांगा, ही बाई खरंच आहे?"

शेजारी पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.

शिवकांता उभी होती. मनगटावर कालच्या दोन हिरव्या बांगड्या, आणि त्या किणकिणायला लागल्या. तिनं दुसऱ्या हातानं त्या घट्ट धरल्या. एक 'आहे' म्हटलं की पदवी हातात, कॉलेजातले तास हातात. तिनं पाठीमागच्या बाकाकडं एकदा बघितलं.

"नाही सर," ती म्हणाली. "ती मुलाखत खोटी आहे. मी घरी बसून लिहिली."

राजश्री मॅडम उठून उभ्या राहिल्या. "शिवकांता, काय बोलताय? माझ्यापुढं तुम्ही…"

"मॅडमना माहीत नव्हतं," शिवकांता म्हणाली. "चूक माझी आहे."

"कुणाच्या दबावाखाली बोलताय का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. मी स्वखुशीनं सांगते."

हेही वाक्य तिनं शेकड्यांनी टाइप केलेलं. सरांनी ते शेकड्यांनी ऐकलेलं. त्यांनी चष्मा काढला आणि तिच्याकडं बघत राहिले. मग मान वळवून आमच्या बाकाकडं बघितलं, आधी माझ्याकडं, मग बराच वेळ आलोककडं. मग चष्मा लावून लिहायला लागले. प्रबंध नामंजूर. वर्षभरात नव्यानं सादर करावा. लिहून झाल्यावर शिपायाला म्हणाले, "पाचही प्रती इथं आणा. अकरा नंबरची पानं माझ्यासमोर काढा. आत्ता."

पानं निघाली. सरांनी त्यांची घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

बाहेर जिन्यात आलोक फोनवर होता. मी म्हातारा, चपला शोधायला मला वेळ लागतो. "न्हाई अर्जुनराव," तो सांगत होता, "खोटंच निघालं. हाव, स्वतःच्या तोंडानं म्हणली, सगळ्यांसमोर." मग थोडं ऐकून, "आता कशाला त्या म्हातारीच्या नादी लागता?"

लातुरात बातमी आमच्या आधी पोचली. शिवकांताबाईंनी मुलाखती घरी बसून लिहिल्या, पकडल्या गेल्या. कॉलेजातले तास आलोकला मिळाले. जाऊ दारात येऊन सांत्वन करून गेली, म्हणजे सगळं नीट विचारून गेली. मला लोक खोदून खोदून विचारायचे, खरं काय हो? मी म्हणायचो, मला काही माहीत नाही, मी काही पाहिलं नाही. माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून बायकोनं माझा ताप बघितला.

आता तुम्ही म्हणाल, मग हे छापून कसं सांगताय? बाबांनो, मी शिवकांतासारखा टायपिस्ट नाही, बेलिफ आहे. ती बाई बांगड्या भरते असं मी म्हणालो खरा. पण कुणाचं खरं नाव काय, ती काय करते, कुठल्या गावची, आणि उंबऱ्यावर काय फोडून ठेवलं होतं, ते तुम्हाला खरं सांगायला मी काही वेडा नाही.

शिवकांता नवा प्रबंध लिहितेय. या वेळी वय, धंदा, राहणार काही नाही. आणि कुलूप आता ती फारसं ओढून बघत नाही. सकाळी दार उघडते, पाऊल बाहेर टाकायच्या आधी खाली वाकून उंबरा बघते, डावीकडून उजवीकडं, हळूहळू. मी गॅलरीत चहा पीत असतो.

"आहे का काही?" मी विचारतो.

"आज नाही काका," ती म्हणते.