कोऱ्या नळीतला हिरवा उजेड

"हात पुढं कर," साहेब म्हणाला. मी केले. मोरीपाशी उभं करून त्यानं लांबूनच माझ्या हातांवर तांब्या ओतला. तीनदा. मी बी.एस्सी. झालेली बाई, आणि हा मला उष्ट्या भांड्यासारखं विसळत होता.

बाहत्तर-त्र्याहत्तर साल असेल. लोणावळ्यात त्याची खासगी प्रयोगशाळा होती, मी तिथं मदतनीस. टर्बियम नावाच्या धातूचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात रक्तातलं एक प्रथिन टाकायचं. प्रथिन त्या धातूला धरतं आणि अतिनील दिव्याखाली हिरवा उजेड दिसतो. प्रथिन नाही तर उजेड नाही. ताळा म्हणून एक नळी बिनप्रथिनाची ठेवायची, ती अंधारीच राहायला हवी. पंधरा दिवस तीही चमकत होती.

साहेबानं वहीत लिहिलं, 'दोष मदतनिसाच्या हातांचा.' वर म्हणाला, "तुमच्या अंगातच असतं ते. धुऊन जायचं नाही." तरी धुवायला लावत होता. एवढी त्याची अक्कल.

आम्ही जवळच्याच भाजे गावचे. धर्म बदलून बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते. आय भातलावणीच्या मजुरीवरून आली, तिला सगळं सांगितलं. तिनं माझे हात हातात घेतले.

"आमी लय झेललं वरनं वतल्यालं पानी. तू न्हाई झेलायचं."

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घातली नाही, म्हणून दिसलं. मी धुतलेल्या नळ्या साहेब पुन्हा स्वतः धुवायचा, माझा विटाळ काढायला. प्रत्येकीत बोट घालून फिरवायचा. त्याच बोटानं त्यानं गजकर्णाला मलम चोळलेलं असायचं. डबीवर लिहिलं होतं, सॅलिसिलिक आम्ल. तेही टर्बियमला धरतं आणि हिरवं चमकतं. त्याच्याच कपाटातल्या पुस्तकात होतं हे.

मी तीन नळ्यांत नुसतं टर्बियमचं पाणी घेतलं. एकीत माझं बोट बुडवलं. एक कोरी ठेवली. तिसरीत त्याला बोट बुडवायला सांगितलं. त्यानं हसत बुडवलं. मी तिन्ही काळ्या पेटीत ठेवून दिवा लावला.

माझी अंधारी. कोरी अंधारी. साहेबाची हिरवीगार.

त्यानं दिवा विझवला. मग तांब्या उचलला.

"ठीक आहे. तरी हात धुऊन घे."

मी हात पुढं केले नाहीत. वहीतली ती ओळ खोडली, खाली लिहिलं, 'दोष साहेबांच्या बोटांचा.' सही केली आणि नोकरी सोडून निघाले.

माझे हात स्वच्छ आहेत हे कुणाला दाखवायची ती पहिली आणि शेवटची वेळ. आता कुणाच्या तांब्याखाली हात धरणार नाही. शंका असेल त्यानं आधी आपली बोटं दिव्याखाली धरावीत.