अर्ध्या रोलमधले दिवे

गेल्या महिन्यात चामराजपेटेतल्या आमच्या जुन्या घरून शेजारच्या मुलीचा फोन आला, "कमलअक्का गेल्या." कमल म्हणजे माझी वहिनी. झोपेतच गेली. रिसीव्हर ठेवून मी खोलीतल्या तिच्या फोटोपाशी गेले.

माझा थोरला भाऊ, अण्णा, विषमज्वराने गेला तेव्हा वहिनीच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. ते पन्नासचं दशक. विधवेनं सणासुदीला पुढं यायचं नाही, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. ती आपणच मागच्या खोलीत जाऊन बसे. पहिली दिवाळी तशीच गेली. दुसऱ्या दिवाळीला दिवेलागणीच्या वेळी ती अण्णाचा घडीचा कॅमेरा आणि तिपाई घेऊन जिना चढू लागली, तशी आई आडवी आली.

"आज गच्चीवर? लोक काय म्हणतील?"

"आई, ह्यांनी अर्धा रोल काढून ठेवलाय. उरलेला पुरा केल्याशिवाय धुवायला कसा देऊ?"

आई बाजूला झाली. मी वहिनीच्या मागोमाग वर गेले.

अण्णानं तिला शिकवलं होतं ते तिच्या बोटांत होतं. आकाश पुरतं काळवंडायच्या आत काढायचं, म्हणजे छपरांच्या कडा उमटतात. भिंगाचं छिद्र बारीक ठेवायचं, नाहीतर पणत्यांचे नुसते पांढरे गोळे होतात. मग शटर उघडं ठेवून मनात आकडे मोजायचे. बाजाराच्या बाजूनं बाण उडू लागले, तेव्हा एकाच फोटोत बरेच बाण यावेत म्हणून एका बाणानंतर दुसरा उडेपर्यंत उघड्या भिंगापुढं काळा पुठ्ठा धरायला कुणीतरी हवं होतं. मी पुढं होणार, तोच मागून आईचा आवाज आला, "दे इकडे." अण्णा गेल्यापासून आई गच्चीवर आली नव्हती.

"काढा, आई... झाका!"

"स्वल्प थांब गं, हात दुखतो माझा!"

शेवटचा एक फोटो उरला. वहिनी कॅमेरा मिटू लागली, तर आई म्हणाली, "तू उभी राहा. मी काढते. कुठं दाबायचं ते सांग."

"मी कशाला, आई?"

"रोल पुरा करायचाय ना?"

रोल धुऊन आला. आधी अण्णानं काढलेले: गच्चीवर सांडगे घालणारी आई, केस वाळवणारी वहिनी. ते आईनं कितीतरी वेळ मांडीवर ठेवले. मग वहिनीचे दिवे, एकेक टिंब स्वच्छ. पुढं साठच्या दशकात तिनं विधानसौधाची, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीची, रोषणाई काढली, ती मासिकांतही छापून आली. पण माझ्या खोलीत आहे तो त्या रोलमधला शेवटचा, आईनं काढलेला. मागं सगळी पेठ लख्ख उजळलेली आहे आणि वहिनीचा चेहरा मात्र हललेला. "हलू नको म्हटलं होतं," आई पुढं कितीदा तरी कुरकुरायची. पण आईनं डोळे बारीक करून, मोठ्यानं आकडे मोजायला सुरुवात केली होती आणि वहिनीला हसू आवरलं नव्हतं. अण्णा गेल्यावर पहिल्यांदाच.