गेजवस्त्राचं लिग्निन

सून पीएचडी करत असली, की घरात किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. त्यात आमच्या निगडीच्या गुरुवारच्या आरतीच्या सात जणी असल्या, तर विचारूच नका!

मुग्धानं विषय सांगितला, "पाइनच्या लाकडातलं लिग्निन. झाडाचे तंतू धरून ठेवणारा डिंकच म्हणा ना."

आमच्या ह्यांचा जन्म चाकणला पाइनच्या पेट्या ठोकण्यात गेला. ते म्हणाले, "म्हणजे खिळे आम्ही उगाचच मारले?"

*

आरतीनंतर प्रमिलाताईंनी मुग्धाला विचारलं, "आपल्या सागवानात नसतं का गं?"

"असतं की. लिग्निन म्हणजे एकमेकांना चिकटलेले बारीक मणीच. पण पाइनच्या प्रत्येक मण्याला एक जागा मोकळी असते. तिथंही दुसरा मणी चिकटतो. सागवानात बऱ्याच मण्यांची ती जागा अडलेली असते."

"मग पाइनची भावकी जास्त गुंतलेली!"

"अगदी बरोबर, मावशी!"

*

एवढं हुशार पोर, पण मधल्या सादरीकरणात बाहेरच्या परीक्षकांनी परत पाठवलं. "चित्र पाठ झालंय, रचना समजलेली नाही." मुग्धा दोन दिवस नीट जेवली नाही. मी देवापुढं चहा सोडला. ती डॉक्टर झाल्यावरच घेणार!

"आई, देवाला लिग्निनमधलं काय कळतंय?"

"झाड कुणी केलं गं?"

बिचारी जेवायला बसली.

*

मग तिला मॉडेल हवं होतं. आम्ही पूजेला कापसाची गेजवस्त्रं करतोच. तेच मणी, कुंकवाची बोटं लावून जोडायचे. तिनं कागदावर वेडंवाकडं जाळं काढून दिलं आणि लॅबला गेली. संध्याकाळी येऊन बघते तर काय, मणी एका मापाचे, ओळी सरळ, दोन्ही बाजू सारख्या!

"तुझं चित्र जरा वाकडं होतं. नीट करून घेतलं," प्रमिलाताई म्हणाल्या.

मुग्धानं आपला कागद पुन्हा पुढं धरला. "मावशी, त्यात क्रम नसतोच हो!"

*

वाकडं करायचं म्हटल्यावर आमचे हातच चालेनात. देवाचं वस्त्र आणि वाकडं? शेवटी मीच म्हटलं, "देवाची करणी आहे, आहे तशी करा." मग एकेकीनं आपलाच हेका धरला. "इथं जोड." "न्हाई, मी तिथं लावणार!" जाळं फुगतच गेलं.

*

तोंडी परीक्षेला आम्ही सातही जणी मागच्या रांगेत. परीक्षक तेच! सरांनी मॉडेल उलटंसुलटं करून पाहिलं.

"मण्यांचा क्रम कोण ठरवतं?"

"कुणीच नाही, सर. जो मणी जिथं भेटतो, तिथं चिकटतो."

"ठीक. पण माणूस करायला बसला की नकळत नक्षी येतेच. इथं ती कुठंच नाही. कशी टाळलीत?"

मुग्धानं आमच्याकडे बोट दाखवलं. "सात जणींना एकत्र बसवलं, सर. एकीनंही दुसरीचं ऐकलं नाही."

सरांनी चष्मा काढला, पोटभर हसले आणि म्हणाले, "मग रचना बरोबरच असणार. अभिनंदन, डॉक्टर!"