पंचमीच्या तोंडावर विकलेली पद्मिनी

माझा धंदाच मुळी विश्वास न ठेवण्याचा आहे. अपघात झालेल्या गाड्यांचा मी विमा कंपन्यांसाठी सर्वे करतो. म्हैस आडवी आली, ब्रेक लागलाच नाही, समोरच्यानं लाइट मारला... लोक सांगतात, मी ऐकतो, आणि मग गाडीचा चेंदा बघून खरं काय ते लिहितो. या सदरातले अनुभवही मी तसेच वाचायचो, थोडं हसून. आज स्वतः लिहायला बसलोय, कारण जे घडलं त्यात माझी चूक आहे आणि ती कुठेतरी सांगायलाच हवी.

राहायला मी नांदेडचा. वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – विष्णुपुरीच्या धरणावर ओव्हरसियर होते. त्यांनी एक पांढरी पद्मिनी मोटार घेतली होती. माझी मोठी बहीण शोभाअक्का उदगीरला दिलेली. आमच्याकडे नागपंचमीला सासरच्या लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. अण्णा दरवर्षी पद्मिनी घेऊन अक्काचे मुराळी व्हायचे. दारात उतरायच्या आधी हॉर्न द्यायचे – दोन आखूड, एक लांब. अक्का पिशवी भरून तयारच असायची.

अण्णा गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. मी ते केलं नाही. पहिल्या वर्षी ऑडिटचं निमित्त होतं, नंतर निमित्तही लागेना. फोनवर म्हणायचो, ‘अगं अक्का, दर तासाला बस आहे, बस की आणि ये.’ ती ‘बघते’ म्हणायची आणि यायची नाही. न्यायला कुणी आलं नाही आणि ही आपणच बस धरून माहेरी निघाली, असं सासरच्या गल्लीत दिसणं तिला किती जड जात असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पद्मिनी अंगणात ताडपत्रीखाली गंजत होती. गेल्या वर्षी मनात आलं, नीट करावी. लातूरच्या एका गॅरेजला ती टो करून नेली. पत्रा, इंजिन, सीटा, सगळं नव्यानं केलं. बंपरला क्रोम चढवला, रंग बाटलीहिरवा दिला. गाडी इतकी देखणी झाली की लोक थांबून फोटो काढायचे. आईला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणंही बंद आहे. तिनं मला जवळ बसवून घेतलं. ‘गाडी नीट झाली ना, शोभीला आण बाबा पंचमीला. मला आता कितीक पंचम्या हायत?’

मी ‘हाव, आणतो’ म्हणालो. आणि त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात टाकली – जुनी फॅमिली कार, उत्तम स्थितीत, विकणे आहे. दोन गाड्या ठेवायला जागा नाही, देखभाल परवडत नाही... कारणं सगळी खरीच होती. आईला मात्र मी सांगितलं नाही.

गिऱ्हाईक मिळालं ते उदगीरचं! बिरादार नावाचा तरुण, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत आहे त्याची. पंचमी दोन दिवसांवर आली होती. दुपारी लातूरच्या गॅरेजात सह्या झाल्या. चावी देण्याआधी मी शेवटचा म्हणून गाडीत बसलो. शेजारच्या मशिदीत दुपारची अजान चालू होती. ती संपू दिली, आणि का कोण जाणे, अण्णांसारखा हॉर्न वाजवला. दोन आखूड, एक लांब. बिरादार हसला. म्हणाला, ‘काय साहेब, कुणाला बोलवून राहिलात?’

तो गाडी घेऊन उदगीरला निघाला, मी नांदेडची बस धरली.

शिरूर ताजबंदच्या अलीकडे त्याचा फोन आला. आवाज गोंधळलेला. मोंढ्याकडे जाताना एका गल्लीत गाडी बंद पडली म्हणे. बॉनेट उघडून बघतोय तोवर समोरच्या घरातून एक बाई पिशवी घेऊन आल्या, मागचं दार उघडून आत बसल्या.

‘मी म्हणलं मावशी, गाडी माझी हाय. तर म्हणत्यात, असू दे, दिलीपला फोन लाव. आता दिलीप तुम्हीच की, साहेब?’

मग अक्काचा आवाज. अगदी रोजच्यासारखा. ‘कुठवर आलास?’

मी बसच्या खिडकीतून पुढची पाटी वाचली. म्हणालो, ‘शिरूरला हाय. येतोच.’ उतरलो आणि मिळाली ती काळीपिवळी धरून उदगीर गाठलं.

अक्का गाडीतच होती. बिरादार तिला आपल्या घरून आणलेला चहा देत होता. मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, ‘मला कुठं कळलं? मी भांडी घासत होते. आत्याबाईच वरडल्या.’

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांना कित्येक वर्षांपासून ऐकू येत नाही. कानाशी ओरडलं तरी ‘काय?’ म्हणतात. मी वाकून नमस्कार केला, खुणेनं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तुज्या बापाचा हारन. वळखत न्हाई व्हय मी? शोभाला म्हणलं, उठ, मुराळी आलाय, पिशवी भर. ही बाहेर जाऊन आली, हातानंच म्हणली कुणी न्हाई. म्हणलं, येतोय. तू भर.’

हे कधी, म्हणून अक्काला विचारलं. ती म्हणाली, दुपारची अजान नुकतीच संपली होती.

तेव्हा गाडी लातूरला होती. मी आत होतो. तो हॉर्न ऐकायला बिरादारच तेवढा बाहेर उभा होता.

सर्वेयर म्हणून मी सगळं तपासलं. गाडी बंद पडली ती कार्ब्युरेटरमध्ये कचरा आल्यानं, तो काढल्यावर चालू झाली, हे मान्य. रंग बदलला तरी नंबर तोच होता, तो बघून अक्कानं ओळखली, हेही मान्य. पण पिशवी त्याच्या कितीतरी आधी भरलेली होती.

बिरादारनं चावी माझ्या हातात दिली. पंचमी करून गाडी परत आणा म्हणाला, आणि त्याच्या आईनं येऊन अक्काची ओटी भरली.

अहमदपूर मागे पडल्यावर मी म्हणालो, ‘अक्का, गाडी विकली मी.’

‘सांगितलं त्या पोरानं.’

‘मी आणायला आलोच नव्हतो तुला.’

तिनं मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाली, ‘मला ठावं हाय रे. पण निगाले की मी. आता गप गाडी चालव.’ आणि रडली. मीही रडलो, गाडी कडेला घेऊन.

दिवेलागणीला नांदेडला पोचलो. आईनं अक्काचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आणलंस बघ.’ आजवर कुणी केलेलं कौतुक मला इतकं टोचलं नव्हतं. त्या रात्री तिला सगळं खरं सांगितलं. तिनं माझा हात सोडला नाही.

पद्मिनी आता बिरादारकडे आहे. यंदा पंचमीला मी माझी नेहमीची गाडी घेऊन उदगीरला गेलो. आत्याबाई दारातच बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. मी चार हातांवर गाडी थांबवली आणि मुद्दाम हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. मग परत. त्या डाळ निवडत राहिल्या. जवळ जाऊन पायांना हात लावला तेव्हा दचकून वळल्या.

‘अगं बाई, कवा आलास? आवाज न्हाई दिलास.’